मडकं आधी पालथं करून बघा

मागच्या वर्षी गॅदरिंगसाठी आमच्या डेकोरेशन कमिटीने बारा माठ विकत आणले. ऑइल पेंट मारून ते काळेभोर केले, त्यावर पांढऱ्या रंगात वारली नाच काढला आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना रचून ठेवले. (वारली पालघरकडची, आपण चंद्रपूरचे. पण एवढा विचार कमिटीत कोण करतो?) फोटो झकास आले. कार्यक्रम संपल्यावर या माठांचं करायचं काय, असा प्रश्न आला. मीच शहाणपणा केला, 'ठेवू ना यार, उन्हाळ्यात पाण्याला होतील.'

एप्रिल आला. चंद्रपूरचा एप्रिल कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. व्हरांड्यात ठेवलेल्या त्या देखण्या माठांतलं पाणी दुपारी असं लागायचं, की नुसती चहापत्ती टाकायची बाकी होती.

कारण शाळेत शिकलो होतो, फक्त डोक्यात आलं नाही. माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आम्ही ती सगळी छिद्रं रंगाने बुजवली होती. ज्या काकूंकडून माठ घेतले होते त्या नंतर भेटल्या, तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "रंगवून टाकले न बाप्पा? मंग आता पानी कायले ठेवता, कागदाचे फुलं ठेवा."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना मातीच्या भांड्यांचं वेड लागलंय. चाकावर हात फिरवतानाच्या रील्स, नागपूर-पुण्यातली वीकेंड वर्कशॉप्स, हॉस्टेलच्या खिडकीत एक हाताने केलेला मग. मला यात वाईट काही दिसत नाही, मी स्वतः त्यातलाच आहे. पण काय घ्यायचं, काय मांडायचं आणि काय दुकानातच सोडून यायचं, याबद्दल माझं आता एक ठाम मत झालंय. ते मत मला एका मित्राने दिलं.

माझ्या पहिल्या 'कलेक्शन'मध्ये सगळं एकेक होतं. प्रदर्शनातून साडेसहाशेला घेतलेला मग, एक जयपुरी निळी वाटी, भिंतीवर टांगायचा टेराकोटाचा मुखवटा, एक बारक्या मानेची सुरई, एक गणपती. हॉस्टेलच्या फळीवर ते सगळं गिफ्ट शॉपसारखं दिसायचं. आमच्या वर्गातला एक मित्र कुंभाराघरचा. पहिली दोन वर्षं तो 'घरचा धंदा आहे' एवढंच सांगायचा, कसला ते सांगायचा नाही. तो एकदा खोलीवर आला, फळीकडे पाहिलं आणि एकेक वस्तू उचलून सरळ पालथी केली. मुखवटा आणि गणपती लगेच बाजूला ठेवले. "हे साच्यातले हायेत. आतून बघ, बोटाची एक रेघ नाही. कडेला जोड दिसते." मग वाटी बाजूला गेली. मग मात्र त्याने बराच वेळ हातात धरला, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे बनवनाऱ्याले येते."

पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला म्हणतो. इथे मात्र घडा पालथा केल्यावरच माझ्या डोक्यात काहीतरी शिरलं.

कारण भांड्याचं तोंड सगळ्यांना दाखवण्यासाठी असतं. बुडाला ते कसं झालं याचा हिशोब असतो. छोटी बोळकी, पणत्या, सुगडं कुंभार एकेक गोळा लावून करत नाही. चाकावर मातीचा मोठा उंचवटा असतो. त्याच्या टोकाशी एक भांडं घडवायचं, दोऱ्याने कापायचं, की लगेच दुसरं. त्या दोऱ्याची खूण बुडावर शंखासारखी गोल उमटते. माठाचं तसं नाही. तो चाकावर अर्धाच होतो. मग थोडा सुकला की आतून दगडी किंवा मातीचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने थोपटत त्याचं पोट वाढवतात आणि बूड बंद करतात. म्हणून माठाच्या अंगावर थोपटल्याचे हलके चपटे ठसे असतात. उजेड तिरपा पडला की ते दिसतात. आणि स्टुडिओत केलेल्या मगाच्या किंवा वाटीच्या बुडाला बहुतेक वेळा एक कोरलेली कडी असते आणि शेजारी करणाऱ्याची सही किंवा शिक्का. जपानमध्ये चहाचा वाडगा जाणकार माणसं अशीच उलटून पाहतात, ती कडी कशी कोरलीय ते बघायला.

दुसरी परीक्षा कानाची. तुमची आजी माठ घेताना टिचकी मारायची ना? नीट भाजलेला, न तडकलेला माठ खणखणीत वाजतो. तडा गेलेला किंवा कच्चा असेल तर आवाज बसका येतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. ती गोष्ट रचणाऱ्याला कुंभाराच्या अंगणातला रोजचा आवाज माहीत असणार.

आता माझं मत. सगळे आकार एकेक जमवू नका. एकच आकार घ्या आणि तो पुन्हा पुन्हा घ्या. एक मग, एक सुरई, एक वाटी शेजारी ठेवली की डोळा फक्त 'हे वेगळं, ते वेगळं' एवढंच म्हणतो. पण सात गावांची सात सुगडं ओळीत ठेवा. एकाचा काठ बाहेर वळलेला, एकाचा सरळ. एकाचं पोट खाली उतरलेलं, जेवण झालेल्या माणसासारखं. एकाच्या कुशीवर काळा डाग, कारण भट्टीत तिथे धूर अडला. एकाच आकारात सात हात दिसायला लागतात. मग दुकानातल्या दोनशे वस्तूंमध्ये तुमचा डोळा आपोआप थांबतो तिथे थांबतो.

मी सुगड का निवडलं? एक, ते आमच्या बजेटमध्ये बसतं. माठाच्या किमतीत दहा येतात. दोन, हॉस्टेलच्या फळीवर मावतं. तीन, संक्रांतीच्या आठवड्यात ते चंद्रपूरच्या गोल बाजारात मिळतं, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी त्या दिवसांत टोपल्याच्या टोपल्या येतात. कुठे त्याला बोळकंच म्हणतात. आई पूजेला पाच आणते, हरभरे, बोरं, तीळ, उसाचे तुकडे भरते आणि नंतर ती सुगडं माळ्यावर नाहीतर तुळशीजवळ पडून राहतात. वाण म्हणून आता प्लास्टिकचे डबेच लुटतात, पण सुगडाला अजून प्लास्टिक चालत नाही. नीट पाहिलं तर आपलं वर्षच मडक्यांवर चालतं. अक्षय्य तृतीयेला करा-केळी, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या, लग्नात मांडवातली मडकी. शेवटच्या प्रवासातही खांद्यावर मडकंच. संग्रह आपल्या घरात आधीच आहे, फक्त आपण तो दरवर्षी फेकतो.

तुम्ही सुगडच घ्या असं नाही. कुणाला वेळण्या घेता येतील, कुणाला दही लावायची गाडगी. माझी एक मैत्रीण ब्रह्मपुरीकडची, ती फक्त पणत्या जमवते, त्याही वापरलेल्या, तेल मुरून काळ्या पडलेल्या. मला आधी विचित्र वाटलं होतं. आता हेवा वाटतो.

मग स्टुडिओतली भांडी घ्यायचीच नाहीत का? घ्या की. आणि त्यासाठी पुणे-मुंबईला जायची गरज नाही. आपल्या भद्रावतीत, म्हणजे चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याने तासाभराच्या आत, ग्रामोदय संघ आहे. गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५०च्या दशकात तो उभा केला. गावच्या कुंभाराचं कसब आणि नवं तंत्र एकत्र आणायचं, असा त्यामागचा विचार. बाहेरगावचे सिरॅमिक कलाकार भद्रावतीला काम करायला येतात, आणि आपल्यातले कित्येक जण त्या गावावरून आठवड्याला दोनदा एसटीने जातात, त्यांना फक्त ऑर्डनन्स फॅक्टरी आणि जैन मंदिर माहीत असतं. तीन वर्षं मीही त्यातलाच होतो.

स्टुडिओतलं भांडं घेताना माझा नियम वेगळा आहे. तिथे वापरायचं तेवढंच घ्यायचं. उघड्या आव्यात साधं मडकं ७००-८०० अंशांच्या आसपास भाजतं आणि पाणी पितं. स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर जातं, दगडासारखं घट्ट होतं, म्हणून त्यात चहा, दही, लोणचं ठेवता येतं. आजीची लोणच्याची बरणी त्याच जातीची. एवढी लाकडं, एवढा गॅस जाळून घट्ट केलेली वस्तू फक्त धूळ खायला ठेवायची, हे मला पटत नाही. माझा तो साडेसहाशेचा मग मी रोज वापरतो. त्याचा कान कुठे टोचतो, ओठाला कडा कशी लागते, हे वापरल्याशिवाय कळलं नसतं, आणि पुढचा मग निवडताना तेच कामाला आलं. एक सांगतो, चकाकी असलेलं स्वस्त भांडं कुठल्या लेपाचं आहे हे विकणाऱ्याला माहीत नसेल, तर त्यात आंबट काही ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या काही लेपांत शिसं असतं आणि चिंच-लिंबू ते बाहेर ओढतं.

आता जरा भांडणाचा मुद्दा. जपानमध्ये सोएत्सू यानागी नावाचे विचारवंत होऊन गेले. रोजच्या वापरातल्या, साध्या, नाव नसलेल्या कारागिरांनी केलेल्या वस्तू हेच खरं सौंदर्य, असं ते मांडायचे. १९३६मध्ये त्यांनी टोकियोत अशा वस्तूंचं संग्रहालय उघडलं. जगभरचे स्टुडिओ पॉटर त्यांना मानतात, आणि साध्या भांड्याकडे बघायला मीही त्यांच्याकडूनच शिकलो. पण त्यांचं 'अनामिक कारागीर' हे कौतुक मी आपल्याकडे आणायला तयार नाही. आपल्याकडे माठ करणाऱ्याचं नाव त्याच्या विनयामुळे हरवलेलं नाही. आपण विचारलंच नाही म्हणून ते हरवलंय. जात माहीत होती, तेवढं आपल्याला पुरलं. मगाच्या बुडावर सही असते आणि किंमत साडेसहाशे. माठाच्या बुडावर काही नसतं, तो एकशे वीसला आणि त्यातही आपण 'शंभरला द्या ना काकू' म्हणतो. मगासाठी मी एक रुपया घासाघीस केली नव्हती.

मित्राला हे बोलून दाखवलं, तर तो जरा चिडलाच. "तुमच्यासाठी ते कलेक्शन हाय बे. आमच्या घरी ते उरलेला माल हाय. माह्या बापाने आजवर किती बनवले, त्याचा हिशोब नाही. त्याले कोनी आर्टिस्ट म्हनलं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सुगडं जमवून कुणाच्या घरचा प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. तणस महाग, लाकूड आणायचं तर जंगलाचे नियम, तलावातला गाळ उचलायचा तर त्याचीही परवानगी. पण एक काम आपल्या हातात आहे, त्याला पैसे लागत नाहीत. भांडं घेताना करणाऱ्याचं नाव विचारायचं आणि घरी आल्यावर साध्या पेन्सिलने बुडावर लिहायचं. नाव, गाव, तारीख, दिलेली किंमत. किंमत मुद्दाम लिहा. पाच वर्षांनी लाज वाटायला बरी पडते.

मित्राच्या वडिलांना पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कुंभार लिवा ना." मी म्हटलं, "नाही काका, पूर्ण नाव." त्यांनी सांगितलं. मित्र तेव्हा दारात उभा होता. नंतर त्याने माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि माझं अक्षर खोडून नाव स्वतः नीट लिहिलं.

मांडायचं कसं, याला फार शास्त्र नाही. बाजूने उजेड येईल अशी फळी, दोन भांड्यांत हाताच्या रुंदीएवढं अंतर, आणि व्हार्निश अजिबात नाही. माती चमकवायला लागलात की आमच्या बारा माठांची आठवण ठेवा. महिन्यातून एकदा सगळी खाली काढा आणि जागा बदला. मधूनमधून एखादं पालथंच ठेवा, म्हणजे खोलीवर येणारा विचारतो, हे काय लिहिलंय.

माझ्या फळीवर सध्या अकरा सुगडं आहेत. दहांच्या बुडावर नाव आहे. अकरावं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका बाजारात घेतलं. त्याच्या गळ्याशी बारीक खाचांची नक्षी आहे, नखाने दाबल्यासारखी, बाकी कुठल्याच सुगडावर नाही. विकायला बसलेल्या बाईंना विचारलं, कुणी केलं? त्या म्हणाल्या, "मालकानं." मी मालकांचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, आणि ही नक्षी? "ते मीच काढतो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. एसटी सुटत होती, मी पळालो. चाक पुरुषाचं, माती मळणं, सारवणं, रंग-नक्षी आणि बाजाराला बसणं बाईचं, असं बहुतेक घरांत असतं, हे मला तोवर माहीत झालं होतं. तरी त्यांचं नाव विचारायचं राहिलं. त्या बुडावर नवऱ्याच्या नावापुढे अर्धी ओळ मोकळी ठेवलीय. येत्या संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला जायचंय, बस सकाळी साडेसहाची आहे.