तिकीट बंद, चोर मोकळा



आज जरा भांडायचं आहे. विषय आमच्या वयाला न शोभणारा वाटेल, पण पेन्शन ज्या बँकेत जमा होते तिथलाच आहे, म्हणून सोडवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बँकांत, कंपन्यांत सुरक्षेच्या घटना हाताळायला जी सॉफ्टवेअरं बसवली आहेत, ती बऱ्याच ठिकाणी चोर अडवायला कमी आणि 'आम्ही वेळेत कळवलं होतं' हे नंतर दाखवायला जास्त वापरली जातात. सॉफ्टवेअरचा दोष नाही. रीत वाईट आहे.

धाकट्या बहिणीचा नातू पुण्यात हेच काम रात्रपाळीत करतो. त्याच्याकडून समजून घेतलं ते आपल्या नातेवाईक मंडळींसाठी सांगतो. कुठल्या तरी संगणकावर काही विपरीत घडलं की इशारा येतो, त्याचं 'तिकीट' होतं. पहिल्या पायरीवरचा मुलगा ते उघडतो आणि पी-वन ते पी-फोर अशी गंभीरता ठरवतो. त्याला उलगडलं नाही तर दुसऱ्या पायरीकडे, मग तिसरीकडे. ठरलेल्या मिनिटांत कोणी दखल घेतली नाही तर तिकीट आपोआप वर सरकतं आणि साहेबांचा फोन वाजतो. याला एस्कलेशन म्हणतात. प्रत्येक तिकिटाला घड्याळ लावलेलं असतं. गंमत पुढे आहे. तिकीट 'पेंडिंग'वर टाकलं की ते घड्याळ थांबतं! चोर थांबत नाही, घड्याळ थांबतं.

शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे नवीन नाही. तपासणीला साहेब यायचे तेव्हा टाचण वही पाहायचे. टाचण पूर्ण, लाल शेरा नाही, तपासणी संपली. चौथीतल्या पोराला भागाकार येतो का, हे विचारणारे साहेब मला थोडेच भेटले.

असो. उदाहरणं देतो, नाहीतर म्हणाल मास्तर हवेत बोलतात.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चोर शिरले. यंत्रणेने इशारा दिला. तो पाहणारी माणसं आपल्याच बंगळुरात बसलेली होती. त्यांनी तो मिनिआपोलिसच्या मुख्य कचेरीला कळवला. म्हणजे एस्कलेशन झालं, कागदोपत्री सगळं ठीक. वर काहीही झालं नाही. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली आणि कंपनी जागी झाली ती डिसेंबरात, सरकारी खात्याने सांगितल्यावर. आता विचार करा, बंगळुरातल्या मुलाच्या हातात बहुधा फक्त 'पुढे पाठवा' हे बटण असावं. 'बंद करा' हे बटण असतं तर?

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. चोरांकडे आपल्यापेक्षा चांगलं कालनिर्णय असतं. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरचा २०१६ चा दरोडा पाहा. ४ फेब्रुवारी, गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवारी बांगलादेशात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी, सोमवारी चिनी नववर्षाची फिलिपिन्समध्ये सुट्टी. संदेश छापणारा प्रिंटर बंद पडला होता. तो नेहमीसारखा बिघडला असेल असं समजून लोक गप्प राहिले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले.

आणि आपल्या पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८. वार शनिवार, तोही दुसरा, म्हणजे देशभर बँका बंद. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणारी जी मधली यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. ती विचारील त्याला होकार देत गेली. बनावट कार्डांनी २८ देशांत आणि आपल्या कोल्हापूरसारख्या शहरांतही काही तासांत सुमारे ८० कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. मिळून ९४ कोटींच्या वर.

बँकेने लपवलं नाही, पोलिसांत गेली, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं जाहीर सांगितलं. हे मानलंच पाहिजे. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषीही ठरवलं. पण मला ती शनिवार आणि सोमवारमधली जागा बोचते. घराचं पुढचं दार फुटल्यावर आपण मागच्या दाराला आधी कडी घालतो. भारतातल्या कुठल्याही बँकेत दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ही कडी घालायचा अधिकार नेमका कोणाकडे असतो? पदनाम नको, माणूस सांगा. त्याचा फोन चालू असतो का?

आता पूर्णेच्या लोकांना मी काय सांगू! आपलं गाव जंक्शन. घरटी एक माणूस रेल्वेत. धावत्या गाडीचा आस तापून धूर येताना गेटमनला दिसला तर तो काय करतो? नांदेडला डिव्हिजनच्या कचेरीत अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहतो? तो लाल झेंडी दाखवतो. गाडी थांबते. मग फोन, मग चौकशी, मग कागद. रुळाला तडा दिसला तर गँगमनसुद्धा गाडी थांबवतो, आणि ड्रायव्हर त्याची पगाराची पायरी विचारत नाही. शंभराहून जास्त वर्षं चाललेल्या या खात्याला कळलेली गोष्ट एवढीच, की आधी ज्याला दिसतं त्याच्याच हातात झेंडी हवी.

यावर आमचे नातूसाहेब म्हणतात, "आजोबा, रोज हजारो इशारे येतात, बहुतेक खोटे. प्रत्येकाला झेंडी दाखवली तर बँक चालेल कशी?" प्रश्न रास्त आहे. लांडगा आला रे आला ही गोष्ट मीही वर्गात शिकवली आहे. पण रेल्वेने याचंही उत्तर काढून ठेवलंय. साखळी विनाकारण ओढली तर दंड, सबळ कारण असेल तर नाही. कारण सबळ होतं का, हे गाडी थांबल्यावर ठरतं. आणि मी प्रत्येक इशाऱ्याला झेंडी म्हणत नाहीच. सुट्टीच्या दिवशी एकाच बँकेची कार्डं एकाच वेळी दोन डझन देशांत चालू लागली, तर त्याला कुठलं विश्लेषण लागतं?

कायदा तरी निदान वेळेचं बोलतो. सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, की सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. चांगलं आहे. पण 'लक्षात आल्यापासून' या शब्दांत केवढी पळवाट! रात्रपाळीच्या मुलाच्या लक्षात आलं ती वेळ धरायची, की साहेबांनी सोमवारी मान्य केलं ती?

आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याचं सांगतो. शनिवारी सायंकाळी खात्यातून दोनदा पैसे गेले. शाखा बंद. फोनवर अमुक दाबा, तमुक दाबा, अर्धा तास संगीत, शेवटी तिकीट नंबर. रात्री तिसऱ्यांदा पैसे गेले. सोमवारी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' बँकेचं नाव घेत नाही. त्यांचा आकडा मात्र चांगला भरला असणार, मुदतीत बंद झालेलं तिकीट!

सरकारच्याच १९३० या नंबरामागची यंत्रणा पाहा. २०२१ साली ती १५५२६० या नंबरावर सुरू झाली. तिथे तक्रार केली की तिकीट पैशामागे धावतं. ज्या बँकेत पैसा गेला तिला सूचना, तिथे शिल्लक असेल तर गोठवायची, पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेला सूचना. प्रत्येक वेळी पैसा परत मिळतो असं मुळीच नाही, उशीर झाला की हात रिकामेच. पण रचना बघा, इथे तिकीट साहेबांकडे वर चढत नाही, चोराच्या मागे जातं.

माझ्या मागण्या दोनच. तिकीट 'सोडवलं' हे बटण ज्याचे पैसे गेले त्याच्याकडे द्या, बँकेने फक्त 'आम्ही हे हे केलं' एवढं लिहावं. आणि शाखेच्या दारावर सुट्ट्यांची यादी चिकटवता ना? त्याच कागदावर खाली, आमच्या वयाच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत, दुसऱ्या शनिवारी रात्री ९ वाजता जिवंत माणूस उचलेल असा एक नंबर लिहा.