‘निसर्गाधारित’ या शब्दाबद्दल एक तक्रार

काही वर्षांपूर्वी पर्जन्यजलवाहिन्यांच्या एका प्रकल्पाचा सारांश माझ्याकडे भाषांतराला आला. तीस पानं, चार दिवसांची मुदत, शहर किनाऱ्यावरचं. इंग्रजी मजकुरात पानोपानी ‘नेचर बेस्ड’ होतं. मी त्याचं ‘निसर्गाधारित’ केलं, बिल पाठवलं आणि विसरून गेले. दोन पावसाळ्यांनंतर त्या शहरात जाणं झालं तेव्हा माझा शब्द फलकावर दिसला. फलकामागे एक ओढा होता. दोन्ही काठांना पुरुषभर उंचीच्या सिमेंटच्या भिंती, तळालाही सिमेंट, आणि भिंतींवर ओळीने कुंड्या. कुंड्यांत बोगनवेल. निसर्गाचा आधार होता तो एवढाच.

तेव्हापासून त्या शब्दाचा मला राग आहे, आणि थोडा माझाही. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही शब्दांच्या स्थलांतराबद्दल तासन्‌तास बोलायचो. एखादा शब्द दुसऱ्या भाषेत जाताना कोणाच्या हातात पडतो, हे मात्र मला त्या ओढ्याकाठी कळलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. किनारी शहरातल्या कुठल्याही सार्वजनिक कामाला ‘निसर्गाधारित’ म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या कामाने पाण्याला किती जमीन परत दिली? उत्तर शून्य असेल तर ते काम भिंतीचं आहे. त्याला भिंतीचं काम म्हणावं.

जमिनीचाच प्रश्न का, हे मुंबईवरून समजतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नाही. मिठी ही नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी समजलं; तोवर तो नाला होता. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला विमानतळाने वळणं घ्यायला लावली आणि तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. पुरानंतर प्राधिकरण स्थापन झालं, चितळे समितीचा अहवाल आला, पात्र खोल झालं, रुंद झालं, काठांना भिंती आल्या. नाल्याची कागदोपत्री नदी झाली. पण नदी जिथे पसरत होती ती जमीन तिला मिळाली नाही.

भिंत पाण्याला घाई करायला लावते. डोंगरउतारावर घाई चालते, कारण खाली जायला वाट असते. समुद्राकाठी तसं नाही. मुंबईची बहुतेक पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या, त्याही ओहोटी आहे असं धरून. 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी 50 वर न्यायला सांगितलं. ती दुप्पट करायलाच हवी होती. पण भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की रुंद वाहिनीतलं पाणीही पातमुखाशी येऊन अडतं. समुद्र सहा तासांनी उतरतो. किनारी शहराच्या पुराचा खरा प्रश्न या सहा तासांचा आहे: तेवढा वेळ पाण्याने थांबायचं कुठे?

आपल्या भाषांकडे याची उत्तरं होती, आणि ती नकाशावर लिहिलेली होती. मुंबईत पायधुणी आहे, उमरखाडी आहे, खार आहे. खाजण हा शब्द कोकणात आणि गोव्यात आजही जिवंत आहे. गोव्याच्या खाजणाला मातीचे बांध असतात आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. तमिळमध्ये एरी हा शब्द आपण ‘तलाव’ असा उतरवतो आणि अर्धा अर्थ सांडतो. एरी सहसा एकटी नसते. तिच्या कलंगलवरून, म्हणजे सांडव्यावरून, जादा पाणी खालच्या एरीत जातं, तिथून त्याच्याही खालच्या. कोलकात्याच्या पूर्वेला भेड्यांमध्ये शहराचं सांडपाणी थांबतं, निवळतं आणि त्यावर मासे पोसले जातात. या सगळ्यांना पाणी थांबवण्याची कला ठाऊक होती.

आणि यातलं काहीही नुसता निसर्ग नव्हे, ही माझी दुसरी तक्रार. खाजण माणसांनी बांधलं. बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती वेळीच बुजवायला कोणीतरी लागतं. मानशीच्या दारांकडे पाहायला माणूस लागतो. गोव्यात हे काम गावकऱ्या करत. ‘निसर्गाधारित’ म्हटलं की हे हात दिसेनासे होतात. मग असं वाटतं की एकदा खारफुटी लावली, दगडांच्या जागी गवत घातलं की निसर्ग पुढचं बघून घेईल. कंत्राटाला पूर्णत्वाची तारीख असते, बांधाला नसते. देखभालीचा पैसा आणि देखभाल करणारा माणूस ज्या कागदावर नाही, तो कागद खाजणाची नक्कलसुद्धा नाही.

अभियंते इथे मला थांबवतील, आणि त्यांचं ऐकायला हवं. खारफुटी 944 मिलिमीटर पाऊस पिऊन टाकत नाही. हिंदमातासारख्या बशीसारख्या भागात उदंचन केंद्रं आणि पंप नसतील तर पाणी दिवसभर हटणार नाही. हे खरं आहे. पंप काढा असं मी म्हणत नाही. पण हिंदमाताचंच उदाहरण पाहा. अनेक वर्षं वाहिन्या वाढवून झाल्यावर महापालिकेने जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, पाणी भरती उतरेपर्यंत थांबावं म्हणून. म्हणजे तत्त्व मान्य आहे. पाण्याला थांबायला जागा लागते, हे महापालिकेलाही पटलेलं आहे. फक्त ती जागा जमिनीखाली दिली गेली, कारण तिथे चौरस फुटाचा भाव नाही.

भावाची गोष्ट निघालीच आहे तर चेन्नईला जाऊ. पल्लीकरणैची दलदल एकेकाळी पन्नासेक चौरस किलोमीटर पसरलेली होती; तिचा साधारण दहावा हिस्सा उरला. बाकीच्यावर रस्ते, माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती, कचऱ्याचा डोंगर. 2022मध्ये उरलेल्या दलदलीला रामसर दर्जा मिळाला, ते चांगलंच झालं. पण 2015च्या पुरानंतर नद्यांना मोकळं करायचं म्हणून अडयार आणि कूवमच्या काठांवरून हजारो गरीब कुटुंबं हलवली गेली. त्यातल्या अनेकांना घरं मिळाली पेरुम्बाक्कमला, त्याच दलदलीच्या कडेच्या सखल जमिनीवर. नदीची जागा झोपडीने खाल्ली तर ते अतिक्रमण, दलदलीची जागा काचेच्या इमारतीने खाल्ली तर तो विकास. ‘पाण्याला जमीन परत द्या’ ही मागणी मी करते तेव्हा ती कोणाकडून परत घ्यायची, हेही सांगायला हवं. ज्याने जास्त घेतली त्याच्याकडून आधी. मोकळी मैदानं, वाहनतळ, उद्यानं, संस्थांची आवारं, मिठागरांच्या उरलेल्या जमिनी: किनारी शहरात आजही पाणी चार-सहा तास उभं राहू शकेल अशा जागा आहेत. त्यांच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे की त्या हातभर खाली उतरवायच्या, हा निर्णय दरवर्षी कुठल्यातरी निविदेत होत असतो. मिठागरांवर घरं बांधायची की नाहीत, हाही याच निर्णयाचा भाग आहे.

या नियतकालिकाच्या वाचकांत भाषांतरकार बरेच आहेत. असे कागद तुमच्याकडेही येत असतील, बांगला, कोंकणी, मल्याळम, ओडियामधून लोकांना वाटण्यासाठी. मी आता एक नियम केला आहे. ‘नेचर बेस्ड’ दिसलं की आधी पत्र लिहून विचारते: यात किती जमीन पाण्यासाठी मोकळी ठेवली आहे, आणि देखभाल कोण, कोणत्या पैशातून करणार? उत्तर आलं तर ते उत्तरच मराठीत लिहिते. मग विशेषणाची गरज उरत नाही. उत्तर आलं नाही तर नकाशात जे आहे ते लिहिते. ‘दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, तळाला काँक्रीट, वर कुंड्या.’

यामुळे दोन कामं हातची गेली. ओढ्यावरची भिंत आहे तिथेच आहे. पण सुनावणीला आलेल्या बाईच्या हातातल्या कागदावर निदान भिंत असं लिहिलेलं असेल, आणि मग ती विचारू शकेल की भरतीच्या वेळी पाणी कुठे थांबणार.