कॉपर-टी बसवताना दुखतं, मग भूल का नाही?

‘थोडं दुखेल, सहन करा.’ कॉपर-टी बसवताना ओपीडीत अनेकींना एवढंच ऐकायला मिळतं. पण हे दुखणं कमी करता येतं. गर्भाशयाच्या तोंडाशी लिडोकेन या भुलीच्या औषधाचा स्प्रे, क्रीम किंवा इंजेक्शन देता येतं. हे पर्याय पेशंटला आधीच सांगा, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मे २०२५ मध्ये डॉक्टरांना सुचवलं.

भारतात काय? उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितल्यावरच संमती खरी ठरते, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्येच समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय. भुलीबद्दल कुणी बोललंच नसेल, तर फॉर्मवरची सही अर्धवट माहितीवरच झालेली असते.

त्यामुळे सहीआधी विचारा: किती दुखू शकतं? भूल मिळेल का? मध्येच थांबवता येईल का?