कॅरिबियनला कसे जावे?

आपल्याकडे प्रवासाची चर्चा 'कुठे जायचे' या प्रश्नाने सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. 'कसे जायचे' हा प्रश्न आपण एजंटाकडे किंवा परदेशातल्या मुलाकडे सोपवतो. प्रस्तुत लेखात मला असे म्हणायचे आहे की हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो केवळ सोयीचा आणि खर्चाचा प्रश्न नसून वाङ्मयाचाही प्रश्न आहे. त्यासाठी मी मुद्दाम एक असे उदाहरण घेतो आहे, की जे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बसून बोलताना काहींना हास्यास्पद वाटेल: सहकुटुंब कॅरिबियन क्रूझ.

हे उदाहरण आता तितकेसे दूरचे राहिलेले नाही. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. तिथून आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांतून शिकलेली या जिल्ह्यातली मुले गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत गेली. त्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जातात. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, मलकापूर-खामगावकडचे लहान व्यापारी अशी ही माणसे असतात. नायगारा पाहून झाला, न्यूयॉर्क झाले, की मुलगा म्हणतो, 'यावेळी बोटीने बेटांवर जाऊ.' मग घरातल्या मोबाईलवर तीन खंडांतली माणसे एकत्र येऊन बेत ठरवू लागतात. त्या बेतात काय काय येते ते आधी पाहू.

पहिला टप्पा इथलाच. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही इथे रेल्वे नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. बुलढाणेकराला आधी घाट उतरावा लागतो, तेव्हा त्याला गाडी दिसते. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी कित्येक दशके नुसती चर्चेत आहे. मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून मोटारीचा पर्याय वाढला, पण वृद्ध माणसांना रात्रीचा रेल्वेचा बर्थच बरा वाटतो. तिथून मुंबई, मुंबईहून विमानाने अमेरिका, आणि मग खरा प्रश्न: बोटीपर्यंत कसे पोचायचे?

न्यू जर्सीच्या कुटुंबापुढे साधारण चार वाटा असतात. विमानाने तीन तासांत मायामी. मोटारीने सुमारे दोन हजार किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. न्यूयॉर्कहून रेल्वेने एक दिवस आणि वर काही तास. आणि चौथी वाट म्हणजे न्यू जर्सीतच बेयॉन इथल्या धक्क्यावरून बोट धरायची. या चौथ्या वाटेवर पहिले दोन दिवस बेट दिसत नाही, नुसते पाणी दिसते. म्हणून तरुण मंडळी ती नाकारतात. त्यांच्या मते ते दोन दिवस 'वाया' जातात. शिवाय व्हिसाचे गणित असते. बोट अमेरिका सोडून परत येते, म्हणून आईवडिलांचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो, आणि प्रत्येक बेटाचा नियम वेगळा पाहावा लागतो. ऋतूचे गणितही असते. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत काळ. म्हणजे आपली दिवाळीची सुटी त्यात सापडते आणि मे महिन्याची सुटी जेमतेम वाचते.

हे सारे तपशील दळणवळणाचे वाटतात. परंतु मराठी गद्याचा विद्यार्थी त्यांच्याकडे तसे पाहू शकत नाही. कारण आपल्या गद्याच्या आरंभीच वाटचाल आहे. 'लीळाचरित्रा'तील चक्रधर सतत चालत असतात आणि त्या चालण्यात आपल्या जिल्ह्यातले लोणार आणि मेहकर येते. मुनिबास कोठी यांची 'स्थानपोथी' तर चक्रधरांच्या मुक्कामांचीच नोंद आहे. कोणते गाव, कोणते देऊळ, कोणत्या दिशेला, हे त्या ग्रंथाने भक्तीच्या पोटी जपून ठेवले. पुढे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि वाटेत त्यांना १८५७ भेटले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. त्या ग्रंथातून वाट वजा केली तर उरते काय? ठरवलेले ठिकाण गौण आहे. वाटेने जे समोर आणले तेच वाङ्मय झाले.

समुद्राची वाट मराठीत उशिरा आली, आणि ती स्त्रियांनी लिहिली हे विसरू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पंडिता रमाबाई १८८६ साली लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथाचा आरंभच त्या समुद्रप्रवासाने होतो. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानणाऱ्या समाजातील बाईला अटलांटिकवरचे दिवस 'वाया गेलेले' वाटणे शक्यच नव्हते. त्या दिवसांतच एक समाज मागे पडून दुसरा पुढे येत होता.

विमानाने हे अंतर मिटवले. त्यानंतरच्या आपल्या प्रवासवर्णनांत वाट आक्रसत गेली. विमानतळावरचा गोंधळ, हवाईसुंदरीने आणलेले न ओळखता येणारे जेवण, हरवलेली बॅग, एवढ्यात प्रवास उरकतो आणि तिसऱ्या पानावर आपण हॉटेलात असतो. मीना प्रभु यांच्यासारखे सन्माननीय अपवाद आहेत. त्यांच्या लेखनात स्थानिक बस, रस्ता, वाटेत भेटलेला माणूस यांना जागा आहे. पण एकंदर प्रवाह पाहण्याच्या याद्यांकडे वळला आणि टूर कंपन्यांच्या पत्रकाची भाषा वाङ्मयात शिरली. आमचे विद्यार्थी 'प्रवासवर्णन' या प्रकारावर जी उत्तरे लिहितात, त्यांतही 'निसर्गवर्णन, विनोद, तौलनिक दृष्टी' हे तीन ठरीव मुद्दे असतात. लेखक तिथे कोणत्या वर्गातून, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या मार्गाने गेला, हा मुद्दा क्वचितच येतो.

कॅरिबियनच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते. कारण त्या बेटांवर आज राहणाऱ्या बहुतेक माणसांचे पूर्वज तिथे बाहेरून आणले गेले, आणि त्यांचा इतिहास 'ते कसे आले' या एकाच प्रश्नाभोवती उभा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे आधी आली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, तेव्हा आपली माणसे करारबद्ध होऊन गेली. 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजे मे १८३८ मध्ये ब्रिटिश गियानाला लागली, 'फतेल रझाक' ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला. पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत गियानाला सुमारे २,३९,००० आणि त्रिनिदादला सुमारे १,४४,००० भारतीय गेले. बहुतेक जहाजे कलकत्त्याहून सुटत आणि माणसे मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची असत. मराठी मजूर प्रामुख्याने मॉरिशसला गेले, म्हणून मराठी मॉरिशसमध्ये टिकली आणि कॅरिबियनमध्ये पोचलीच नाही. कदाचित त्यामुळेच हा इतिहास आपल्याला परका वाटतो.

पण आपला जिल्हा त्या महासागराला अगदीच परका नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. १८७० मध्ये जलंब-खामगाव ही छोटी रेल्वे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली. ती माणसांच्या सोयीसाठी नव्हती, खामगावच्या बाजारातल्या गाठी लवकर बंदरावर पोचाव्यात यासाठी होती. गुलामांनी पिकवलेल्या अमेरिकन कापसाची जागा आपल्या शेतकऱ्याच्या कापसाने भरून काढली. आमचा कापूस आमच्या माणसांच्या कितीतरी आधी समुद्र ओलांडून गेला. अटलांटिकच्या इतिहासाशी आपले नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही. जलंबच्या फलाटावरही ते सापडते.

आता कॅरिबियन लेखकांकडे पाहा. करारबद्ध मजुरांचा नातू असलेला नायपॉल 'द मिडल पॅसेज' (१९६२) हे पुस्तक बेटावर सुरू करत नाही. ते बोटीच्या प्रवासाने सुरू होते, आणि आपल्या बोटीवरचे प्रवासी व इंग्लंडकडे पोटासाठी निघालेले स्थलांतरित यांच्यातला फरक तो तिथेच टिपतो. जमैका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) वाचकालाच पर्यटक कल्पून त्याला अँटिग्वाच्या विमानतळावर उतरवते आणि तिथून त्याला काय दिसते व काय दिसत नाही, हे कठोरपणे सांगते. डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातल्या रामलीलेने केली. ते दृश्य आपण आधी केवळ नाटक म्हणून पाहत होतो, खेळणाऱ्यांसाठी मात्र ती श्रद्धा होती, ही जाणीव त्यांनी तिथे मांडली. तिघांच्याही लेखनात 'येणारा कसा येतो' यावर त्याला काय दिसणार ते ठरते.

मायामीहून सुटणाऱ्या नेहमीच्या सात दिवसांच्या क्रूझमध्ये बहामा, मेक्सिकोचा किनारा, जमैका, सेंट थॉमस, सेंट मार्टेन अशी ठिकाणे येतात. त्रिनिदाद त्यात क्वचित असते, गयाना जवळजवळ नसतेच. म्हणजे ज्या भूमीवर रामलीला होते, भोजपुरी वळणाची गाणी अजून ऐकू येतात आणि भारतीयांच्या आगमनाचा दिवस सार्वजनिक सुटीचा असतो, नेमकी तीच भूमी आपल्या वृद्ध आईवडिलांना दिसत नाही. त्यांना दिसते ती बंदराजवळची दुकानांची रांग. काही कंपन्या तर भाड्याच्या किंवा स्वतःच्या बेटावरच प्रवाशांना उतरवतात, तिथे गावच नसते. 'आयकॉन ऑफ द सीज' हे २०२४ पासून मायामीहून निघणारे जहाज साडेसात हजारांहून अधिक प्रवासी नेऊ शकते. एवढी माणसे एका सकाळी छोट्या बंदरात उतरली की दोन्ही बाजूंना एकमेकांचे काय दिसणार? बोटीच्या पोटात मात्र एक ओळखीचे जग असते. खोल्या आवरणाऱ्या आणि ताटे वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांत गोव्याकडची, कोकणातली मुले भेटू शकतात. कोकणी-मराठी बोलणारी ही माणसे महिनोन्महिने समुद्रावर राहून घरी पैसे पाठवतात. त्यांच्याशी चार वाक्ये बोलणारा प्रवासी समुद्राविषयी अधिक शिकेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्यांसाठी जे पॅकेज जाहीर केले त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी महिन्याचा खर्च भागवताना मेटाकुटीला येतात. अशा ठिकाणी क्रूझच्या वाटांची चर्चा करावी काय? माझे उत्तर असे की न बोलल्याने ही विषमता नाहीशी होत नाही. ज्या घरातला मुलगा अमेरिकेत आहे आणि ज्या घरातला मुलगा कापूस वेचतो आहे, ती घरे अनेकदा एकाच गल्लीत आहेत, काही वेळा एकाच आडनावाची आहेत. त्या दोन घरांमधले अंतर मोजायचे तर जाणाऱ्याने आपली वाट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे: तिकीट कोणी काढले, व्हिसा कोणाला मिळाला, कोणाला नाही, मागे म्हशीचे दूध कोण काढत होते. असे प्रवासवर्णन सुखवस्तू म्हणून हिणवता येणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी जावे, पण वाट स्वतः निवडावी. धक्का घराजवळ असेल तर विमान टाळून तिथूनच बोट धरावी आणि पाण्याचे दोन दिवस आईवडिलांना मिळू द्यावेत. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत महिनाभर पायी चालणारी माणसे ज्यांच्या नात्यागोत्यात आहेत, त्यांना वाटेचे महत्त्व नव्याने पटवावे लागणार नाही. थोडे अधिक धाडस असेल तर क्रूझ सोडून सरळ पोर्ट ऑफ स्पेनचे विमान धरावे. त्रिनिदाद चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या बरेचसे दक्षिणेला आहे आणि ३० मे हा तिथला आगमनदिन आपल्या उन्हाळी सुटीतच येतो.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही, म्हणजे आमचे बहुसंख्य विद्यार्थी, त्यांच्यासाठी वर्गात एक गोष्ट करता येईल. 'प्रवासवर्णन' शिकवताना रमाबाईंच्या अटलांटिकशेजारी नायपॉलची बोट ठेवावी, 'स्थानपोथी'शेजारी किंकेडचा विमानतळ ठेवावा, आणि विद्यार्थ्याला त्याच्या गावाहून महाविद्यालयापर्यंतची वाट लिहायला सांगावी. कोणती एस.टी., कोणता फाटा, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, किती पैशांत, हे सगळे त्यात यावे. तो मजकूर कॅरिबियनच्या कोणत्याही रंगीत वर्णनापेक्षा प्रवासवर्णनाच्या अधिक जवळ असेल, असे मला वाटते.