मोती, दाराची चौकट आणि आपण डॉक्टर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाच्या मनात बहुधा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असा एखादा विषय असावा. त्या विषयांवर आपल्या मंडळात माझ्याहून अधिकारी व्यक्ती आहेत. मी लिहितो आहे ते आमच्या घरच्या मोतीविषयी. तो आता तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. आणि गेल्या वर्षी त्याला घरातून काढण्याचा विचार मी, एका डॉक्टरने, चार-पाच दिवस गंभीरपणे केला होता. त्या विचाराची लाज वाटते म्हणून हा लेख.

बारा वर्षांत मोतीने, लहानपणी कुरतडलेल्या एका कोल्हापुरी वहाणेखेरीज, काही नुकसान केले नव्हते. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि अडाजणच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी पाच ते नऊ मोती एकटा राहू लागला. सौ.ची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि माझा दवाखाना, दोहोंचे तास एकच. आधी पायपुसणे फाटले, मग खिडकीचा पडदा. ऑगस्टमधल्या एका रात्री परतलो, तर मुख्य दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग सोललेला, लाकडाच्या कपच्यांवर हिरड्यांचे रक्त, पुढच्या पायाचे एक नख मुळाशी तुटलेले आणि दाराशी लघवीचे थारोळे. सोफा, उशा, पादत्राणे मात्र जशीच्या तशी. नासधूस फक्त दाराशी आणि खिडकीशी, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटांवर होती. निदान तिथेच लिहिलेले होते. मला ते वाचता आले नाही.

मी रागावलो. त्याने कान मागे पाडले, नजर खाली वळवली. "पाहा, चूक कळते आहे त्याला," असे मी सौ.ला सांगितले. ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांचा हा 'अपराधी' चेहरा त्यांनी चूक केली होती की नव्हती यावर अवलंबून नव्हता. मालक रागावतो आहे की नाही, यावर होता. चार तासांपूर्वीची चौकट आणि आताचा राग यांची सांगड कुत्रा घालू शकत नाही. त्याला एवढेच कळते की मालक परत येण्याचीही आता भीती बाळगायला हवी. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाल्कनीत बंद करून गेलो. त्या संध्याकाळी सोसायटीच्या चिटणिसांचे पत्र आले.

पत्रात भुंकण्याची तक्रार होती. पण समोरच्या फ्लॅटमधल्या बा दार उघडून मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आखी सांज रडे छे." भुंकतो असे त्या म्हणाल्या नाहीत, रडतो म्हणाल्या. तीस वर्षे रुग्णांचे ऐकण्याचा व्यवसाय करणाऱ्या मला तो शब्द शेजारणीने पुरवावा लागला.

ज्या तरुण पशुवैद्याकडे मोतीला नेले, त्याने आधी फक्त प्रश्न विचारले. हे कधी सुरू झाले? घरी कुणी असताना होते का? रात्री झोपतो का? जिना चढताना थांबतो का? मग कमरेचे सांधे दाबून पाहिले, पाठीमागून टाळी वाजवून कान तपासले, रक्त आणि लघवी पाठवली. शेवटी म्हणाला, "उद्या बाहेर पडताना मोबाइलवर चित्रण सुरू ठेवून जा." ते चित्रण आम्ही रात्री जेवणानंतर पाहिले. आम्ही गेल्यावर चौथ्या मिनिटाला तो दाराशी आला. मग धापा, लाळ, दार ते खिडकी अशा अखंड फेऱ्या, आणि विसाव्या मिनिटाला मान वर करून काढलेला तो आवाज. सौ. मध्येच उठून गेली.

पशुवैद्यकात याला 'सेपरेशन अँक्झायटी' म्हणतात. मराठीत वियोगभय म्हणता येईल. मोतीच्या बाबतीत ते एकटे नव्हते. कमरेच्या सांध्यांत संधिवात होता, ऐकणे बरेच कमी झाले होते, आणि रात्री उठून भिंतीकडे पाहत उभे राहण्याची जी सवय आम्ही हसण्यावारी नेली होती, ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती. वयस्क कुत्र्यांच्या मेंदूत अल्झायमरप्रमाणेच अमायलॉइडचे थर साचतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावे, मला नव्हते. दुखणारे, कमी ऐकू येणारे, गोंधळलेले जनावर, आणि ज्याच्या पायाशी ते झोपत असे तो मुलगा अचानक घरातून गेलेला. अशा वेळी दार कुरतडणे हे त्याच्या परीने अगदी तर्कशुद्ध वर्तन होते.

माझे म्हणणे येथेच आहे. सत्तरीचे गृहस्थ एकाएकी चिडचिड करू लागले, रात्री फिरू लागले, कपड्यांत लघवी करू लागले, तर आपण नातेवाइकांना "त्यांचा स्वभावच बिघडला" असे म्हणू देत नाही. सोडियम पाहतो, लघवी तपासतो, थायरॉइड, मोतीबिंदू, श्रवण, चालू औषधे, सगळे पाहतो. हीच शिस्त आपण स्वतःच्या घरातल्या चार पायांच्या वृद्धाला लावत नाही. उतारवयात प्रथमच सुरू झालेली नासधूस हे दुखण्याचे लक्षण आहे असे धरूनच चालावे, आणि तपासणी होईपर्यंत आवाज चढवू नये. कोंडून ठेवणे तर नकोच. घाबरलेला कुत्रा पिंजऱ्याच्या सळ्यांवर दात मोडून घेतो. साखळीबद्दल कायदाही बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, दोन्ही क्रूरतेच्या व्याख्येत येतात.

डॉक्टरांच्या घरात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे नमुन्याच्या गोळ्यांचा खण. मी स्वतः अल्प्राझोलामची पट्टी हातात घेतली होती. कृपया असे करू नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृतावर बेतते. औषधे नाहीत असे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्लोमिप्रामिन १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिन २००७ मध्ये कुत्र्यांतील वियोगभयासाठी मान्य केले, तेही वर्तनोपचाराच्या जोडीनेच. पार्किन्सनसाठी आपण वापरतो ती सेलेजिलिन वयस्क कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशासाठी १९९८ पासून मान्य आहे. ती या दोहोंबरोबर देऊ नये, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. पण मात्रा पशुवैद्याने ठरवावी. गुंगी आणणे आणि भीती घालवणे यांतला फरक तो जाणतो.

वर्तनोपचार म्हणजे काय, तर आमच्या लिफ्टमनने चार महिने पाहिलेली करमणूक. किल्ल्या, स्टेथोस्कोपची बॅग, बूट, या तीन गोष्टी दिसल्या की मोतीची धाप सुरू होई. म्हणून दिवसातून दहा-पंधरा वेळा किल्ल्या वाजवायच्या आणि सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. बूट घालायचे आणि चहा प्यायचा. किल्ल्यांचा अर्थ पुसट झाला की दाराबाहेर तीस सेकंद उभे राहायचे, मग एक मिनिट, मग तीन. धाप सुरू होण्याआधी परतायचे, हा एकच नियम. तो मोडला की आठवड्याची मेहनत वाया. जाताना लाडीगोडी नाही, आल्यावर सोहळा नाही. या काळात तो अजिबात एकटा राहता कामा नये. सौ.ने प्रयोगशाळेची वेळ सकाळी घेतली, आणि उरलेल्या संध्याकाळी बा आमच्याकडे बसून त्यांच्या मालिका पाहू लागल्या. गुळगुळीत लाद्यांवर सतरंज्या अंथरल्या, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा लावला, सांधेदुखीचे औषध सुरू झाले. सोबतीला पिल्लू आणा, असा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही. मोतीला कुत्रा नव्हे, माणूस हवे होते.

दुसरा सल्ला अधिक मोहाचा होता: पांजरापोळात ठेवा. सुरतेत ही परंपरा जुनी आहे. १६८९ मध्ये इंग्लंडहून निघून १६९० मध्ये येथे आलेला इंग्रज वखारीचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने सुरतेजवळच्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. त्यात आजारी, लंगड्या, वृद्ध गाई-घोड्यांबरोबर कुत्र्यांचाही उल्लेख आहे. या शहराविषयी मला ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो, त्यांतली ही एक. परंतु ते आश्रयस्थान ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी आहे. ज्याचा आजारच वियोग आहे, त्याला तेथे पाठवणे म्हणजे आजाराचीच पूर्ण मात्रा देणे होय.

मोती बरा झाला, असे मी म्हणणार नाही. सव्वा तास तो आता शांत झोपतो. त्यापुढे बा लागतात. चौकट अजून तशीच आहे, सुताराला बोलावलेले नाही.

मंडळाला एक सूचना करून थांबतो. धनत्रयोदशी ते लाभपाचम सुरत रिकामी होते. आपणही गावी जातो, आणि फटाक्यांच्या त्याच दिवसांत अनेक घरांतली वयस्क कुत्री कामवाल्या मावशींच्या भरवशावर किंवा अपरिचित जागी राहतात. सभासदांनी आपापसांत एक यादी करावी: कोण जाणार, कोण राहणार, कुणाकडे कुणाचा कुत्रा आधीपासून ओळखीचा आहे. ओळख दिवाळीपूर्वी महिनाभर व्हायला हवी. आम्ही दोघे या वर्षी सुरतेतच आहोत. एका पाहुण्याची जागा आमच्याकडे आहे, मात्र त्याने बांच्या मालिकांच्या वेळी भुंकता कामा नये.