सिलिकॉन, जर्मेनियम आणि आपली मुले

इतिहासाच्या शिक्षकाने सिलिकॉन आणि जर्मेनियम या मूलद्रव्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. संपादक मंडळाने आमच्याकडे मागितला होता तो मराठवाड्यातील आंबेडकरी चळवळीवरील लेख. तो विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावर आम्ही अनेकदा लिहिलेही आहे. परंतु वसतिगृहाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले त्या दिवशी आठवीतील एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "सर, यात फिरणारे तर काहीच नाही. मग वीज येते कुठून?" आम्हांला उत्तर देता आले नाही. पॅनेल बसविणाऱ्या कारागिरालाही देता आले नाही. तो म्हणाला, "कंपनीतूनच तसे येते." ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले, आणि विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून पुस्तके मागून आम्ही वाचू लागलो.

वाचता वाचता लहानपणीच्या एका कोड्याचा उलगडा झाला. आमचे थोरले चुलते मुंबईच्या गिरणीत कामाला होते. त्यांनी गावी आणलेला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर हा आमच्या वस्तीतला पहिला रेडिओ. वैशाखात पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याचा आवाज घोगरा होत असे आणि थोड्या वेळाने तो पार मुका होई. आजी म्हणे, "त्याला ऊन लागलं." ती त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवी आणि सांजवेळी तो पुन्हा बोलू लागे. आम्ही मोठे झाल्यावर या आठवणीला हसत असू. आज कळते की आजीचे निदान बरोबर होते. त्या रेडिओतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते.

तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. सिलिकॉन आणि जर्मेनियम या दोहोंच्या मधले, म्हणून त्यांना अर्धवाहक म्हणतात. दोघांच्याही अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते शेजारच्या चार अणूंशी बांधलेले असतात. त्या बंधनातून इलेक्ट्रॉन सुटला तर वीज वाहते. तो सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा जर्मेनियममध्ये सुमारे 0.67 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर सिलिकॉनमध्ये सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. फरक दिसायला किरकोळ आहे. पण या फरकामुळेच जर्मेनियममध्ये नुसत्या उष्णतेने नको तेवढे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ट्रान्झिस्टर ताळ्यावर राहत नाही. 75 अंश सेल्सिअसच्या आसपास जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर हात टेकतो. सिलिकॉनचा मात्र 150 अंशांपर्यंत तग धरतो.

मग जर्मेनियम आधी का आले? इथे इतिहासाचा विद्यार्थी थोडा रमणार, त्याला क्षमा असावी. 1871 मध्ये मेंडेलीव्हने आपल्या आवर्त सारणीत सिलिकॉनच्या खाली एक जागा रिकामी ठेवली आणि तिथे बसणाऱ्या, तोवर कोणी न पाहिलेल्या मूलद्रव्याला 'एका-सिलिकॉन' असे नाव दिले. त्यातील 'एका' हा आपला, मोजणीतला 'एक'च. पुढे 1886 मध्ये विंक्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते मूलद्रव्य प्रत्यक्ष सापडले. मेंडेलीव्हने त्याचा अणुभार 72 सांगितला होता. आज तो 72.6 मानतात. अर्धवाहकांच्या कामात आपल्या देशाचाही आरंभीचा वाटा आहे. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिज स्फटिकाच्या साहाय्याने लहरी टिपण्याच्या साधनासाठी 1904 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. डिसेंबर 1947 मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, तो जर्मेनियमच्या तुकड्यावर. जर्मेनियम 938 अंशांना वितळते, म्हणून ते शुद्ध करणे तुलनेने सोपे. सिलिकॉनला 1414 अंश लागतात, आणि वितळलेले सिलिकॉन ज्या भांड्यात ठेवावे त्या भांड्यालाच खाऊ लागते. ही अडचण ओलांडून 1954 मध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तयार झाले आणि जर्मेनियमचे राज्य ओसरू लागले. शिवाय सिलिकॉनवर त्याच्या ऑक्साइडचा जो पातळ थर धरतो तो पाण्यात विरघळत नाही आणि वीज अडवितो. एकाच चकतीवर असंख्य ट्रान्झिस्टर कोरण्याची कला त्या थरावर उभी आहे. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. अगदी शुद्ध सिलिकॉन विजेच्या कामी फारसे उपयोगी नसते. त्यात कोटीभर अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू मिसळला की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो. बोरॉनचा मिसळला की एक जागा रिकामी राहते. असे दोन थर एकमेकांना भिडले की त्यांच्या सीमेवर विजेचा कायमचा उतार तयार होतो. सूर्याचा किरण आत शिरून इलेक्ट्रॉनला सोडवितो आणि तो इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एकाच दिशेला घरंगळतो. फिरते ते काहीच नाही. वाहतात ते इलेक्ट्रॉन. (नऊ नवांची, म्हणजे 99.9999999 टक्के शुद्धता गाठायची आणि मग हाताने अशुद्धी मिसळायची, तेव्हा कुठे पदार्थ कामाचा होतो, हे वाचून आम्हांला मनापासून हसू आले. सोवळ्याच्या बाजूने वा विरुद्ध साक्ष देणे हे रसायनशास्त्राचे काम नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही हसू आले.)

पहिली व्यवहार्य सौर घटमाला 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेतच दाखविली गेली. पडलेल्या उन्हापैकी सुमारे 6 टक्केच ऊर्जा तिच्यातून विजेच्या रूपात मिळत असे. आजचे पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. मात्र उन्हावर चालणाऱ्या या वस्तूला उष्णता मानवत नाही. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात आपल्या गच्चीवरचे पॅनेल 60 अंशांवर तापले, तर सातवा हिस्सा वीज तिथेच गेली. त्यात बालाघाटाच्या उघड्या माळावरची धूळ. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो, आणि केव्हा धुवावे, पॅनेलखाली वारा खेळण्यास किती जागा ठेवावी, हे तो स्वतः ठरवू शकतो. आज ते कोणी ठरवीत नाही.

आपला जिल्हा कोरडा, तरी उन्हाच्या बाबतीत श्रीमंत आहे. कौडगाव येथे महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री विंचू-काट्यातून पाणी देण्यास जावे लागू नये, हा हेतू आहे आणि तो आम्हांला मनापासून मान्य आहे. या योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. सौर पंपही मिळतो. पण जमीन असेल त्याला. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांनी या उन्हातून काय घ्यावे? आपल्या पालकांपैकी कितीतरी जणांचा हा प्रश्न आहे. आमच्या ओळखीची दोन माजी मुले अशाच एका प्रकल्पावर कामाला आहेत. एक फाटकावर पहारा देतो, दुसरा काचा पुसतो. कामात कमीपणा नाही. परंतु ज्या काचा तो पुसतो तिच्याखाली काय चालते, हे त्याला कोणी शिकविले नाही. शिकविले असते तर तो त्याच ठिकाणी तंत्रज्ञ असता. भूमिहीनाच्या वाट्याला या नव्या विजेतून येऊ शकेल असा एकच हिस्सा आहे, तो म्हणजे तिचे ज्ञान. हा हिस्सा कोणी आपण होऊन आणून देणार नाही.

ही दृष्टी आमची नव्हे. फेब्रुवारी 1941 मध्ये शेजारच्या कसबे तडवळे येथे बाबासाहेब परिषदेसाठी आले होते, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. त्यानंतर दीड वर्षाच्या आत ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि विद्युतशक्तीचा कारभारही त्यांच्याकडे आला, हे आपण क्वचितच सांगतो. ऑक्टोबर 1943 मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. शेतीवरचा भार हलका व्हायचा तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. जयंतीच्या भाषणांत या बाबासाहेबांना आपण फारच थोडी जागा देतो.

शिक्षणाची अवस्था काय? राज्य मंडळाच्या अकरावी व बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत अर्धवाहकांचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे. शेवटचे प्रकरण म्हणजे परीक्षेच्या तोंडावर उरकलेले प्रकरण. शहरातला विद्यार्थी ते शिकवणीत भरून काढतो. येथून दहावी होऊन गेलेली मुले बहुधा विज्ञानाकडे वळतच नाहीत. आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक, त्यांना कला शाखेकडे ओढण्यात आमचाही थोडा हात आहे, हे कबूल केले पाहिजे.

जर्मेनियम संपले, असेही कोणी समजू नये. ते दुर्मीळ झाले, महाग झाले आणि मोक्याच्या जागी जाऊन बसले. अंधारात उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे, उपग्रहांवरील सौर घट आणि ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या प्रकाशतंतूचा गाभा यांत ते आहे. 2023 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि मोठमोठी राष्ट्रे चिंतेत पडली. सौर पॅनेलच्या उत्पादनातील प्रत्येक टप्प्यावर चीनचा जागतिक वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. वस्तुतः भूकवचाचा चौथ्याहून अधिक भाग सिलिकॉनचा. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका आहे. त्या दगडातून सिलिकॉन काढीत नाहीत, त्यासाठी गारगोटी लागते. पण गारगोटीचाही या देशात तोटा नाही. कमी आहे ती भट्टी आणि ती भट्टी चालविणारी माणसे.

माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीतून प्रवेशद्वारी भव्य कमान उभारावी, असा प्रस्ताव आहे. भावना आम्ही समजू शकतो. तरीही आमचे मत असे की कमान दोन वर्षे थांबावी आणि त्या निधीतून एक खोली इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी सज्ज करावी: दहा टेबले, डाग देण्याच्या दहा इस्त्र्या, मल्टिमीटर, सुटे डायोड व ट्रान्झिस्टर, एक-दोन जुने पॅनेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी मार्गदर्शन करणारा माणूस माजी विद्यार्थ्यांतूनच मिळेल. "मुलांना वायरमन करायचे आहे का?" असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांला विचारले. पाच मुले चांगली वायरमन झाली आणि सहावी मुलगी चकती घडविणाऱ्या प्रयोगशाळेत पोहोचली, तर आम्हांला दोन्हींचा सारखाच आनंद होईल.

चुलत्यांचा रेडिओ आम्ही घरून आणून इतिहासाच्या कपाटात ठेवला आहे. मागील महिन्यात आठवीच्या मुलांसमवेत तो उघडला. आतील एका ट्रान्झिस्टरवर 'एसी 128' ही अक्षरे अजून वाचता येतात. अशा नावात पहिले अक्षर 'ए' असले की जर्मेनियम आणि 'बी' असले की सिलिकॉन, असा तो संकेत आहे. हे कळताच मुलांनी शाळेतला बिघडलेला ध्वनिवर्धक मागून घेतला आणि त्यातील अक्षरे शोधू लागली. त्यांना 'बीसी' सापडले. रेडिओ अद्याप सुरू झालेला नाही. डाग देण्याची इस्त्री शाळेत नाही.