मोजक्या सुरांचा दरारा

परवा रात्री नातीच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. खोल, थरथरता, एकाच जागी घुटमळणारा. ती ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहत होती. २०१६ साली सुरू झालेल्या या मालिकेची गोष्ट १९८० च्या दशकातली आणि संगीतही त्याच काळातल्या सिंथेसायझरच्या वळणाचे. काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन या जोडीला त्या शीर्षकसंगीतासाठी २०१७ साली एमी पुरस्कारही मिळाला.

“आजोबा, हे तुम्हाला कसं ओळखीचं?” नातीने विचारले.

कारण साधे होते. मी बँकेत नुकताच लागलो होतो, तेव्हा आम्ही चार सहकारी वर्गणी काढून शनिवारी व्हीसीआर भाड्याने आणत असू. अशाच एका रात्री जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ पाहिला. पडद्यावर सुरा दिसण्याआधीच अंगावर काटा आला, तो त्या सुरांनी.

प्रश्न असा, की मोठ्या वाद्यवृंदाला जे साधत नाही, ते मोजक्या सुरांच्या धुनेला कसे साधते?

याची सुरुवात टंचाईत आहे. १९७८ चा ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरांत झाला. वाद्यवृंद परवडणारा नव्हता, म्हणून दिग्दर्शकच संगीतकार झाला. कार्पेंटर यांचे वडील केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन येथे संगीत शिकवत. त्यांनी मुलाला लहानपणी बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. तोच ठेका मुलाने पियानोवर आणला आणि त्याखाली सिंथेसायझरचे लांबट सूर पसरले. श्रेयनामावलीत मात्र ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’ असे भारदस्त नाव झळकते. असा वाद्यवृंद नव्हताच!

एका स्टुडिओतील अधिकारी बाईंनी हा चित्रपट संगीताविना पाहिला, तेव्हा त्यांना मुळीच भीती वाटली नव्हती. पुढे संगीतासह पाहिल्यावर त्यांचे मत बदलले, असे कार्पेंटर यांनीच नमूद केले आहे.

आपल्याला झपतालाच्या दहा मात्रा परक्या नाहीत. पण तिथे सम येते आणि श्रोता मान डोलावतो. इथे धून फिरून फिरून तिथेच येते. सुटका म्हणून होत नाही. शिवाय भरगच्च वाद्यवृंद प्रेक्षकाला सांगत असतो, की आता घाबर, आता रड. हे संगीत काहीच सांगत नाही. ते जागा रिकामी ठेवते आणि त्या जागेत ज्याची त्याची भीती येऊन बसते.

हे सर्वांना लगेच पटले नाही. १९८२ च्या ‘द थिंग’साठी कार्पेंटर यांनी एन्यो मोरिकोने यांच्यासारख्या थोर संगीतकाराला बोलावले. त्यांनीही हात आखडता ठेवला, तर ‘सर्वांत वाईट संगीता’च्या रॅझी पुरस्कारासाठी त्यांना नामांकन मिळाले! त्या वेळी न वापरलेले काही तुकडे पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आले आणि त्या चित्रपटाच्या संगीताला २०१६ साली ऑस्कर मिळाले.

अर्थात, टंचाईचे कौतुक फार करू नये. त्या काळात स्वस्त सिंथेसायझरवर उरकलेले कितीतरी चित्रपट आले आणि विस्मरणात गेले. या यंत्राने काही वादकांची रोजीरोटीही हिरावली असेल. यंत्र सर्वांकडे होते. कुठे थांबायचे हे मात्र थोड्यांनाच कळले. १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’चे संगीत करताना ब्रॅड फिडेल यांच्या हातून ठेक्याचे आवर्तन किंचित तोकडे पडले. त्यांनी ते दुरुस्त केले नाही. ती लंगडी चाल त्यांना आवडली. चूक यंत्रावर झाली, पण ती ठेवायची हे माणसाने ठरवले.

नातीला हे सांगितले, तर ती म्हणाली, “असं संगीत मी मोबाइलवर एका मिनिटात करून दाखवते.” आणि तिने करवूनही घेतले. त्यात सगळे होते: घुमणारा खर्ज, धडधड, मेघगर्जना, कुजबुज. आम्ही दोघे गंभीरपणे ऐकत बसलो आणि मग हसू लागलो.

कर्जप्रकरणे तपासताना मी एक शिकलो होतो: कागदपत्रांची थप्पी गरजेपेक्षा जाड असली, की सावध व्हावे. कादंबरी लिहिताना मात्र ते विसरलो. भीतीच्या एका प्रसंगात वारा, वीज, कुत्र्याचे रडणे असे सारे भरले होते. अखेरीस सगळे काढले आणि मोरीतला ठिबकणारा नळ तेवढा ठेवला. वाचकांची पत्रे आली ती त्या नळाबद्दल.

आज कोणताही आवाज मागाल तेवढा फुकटात मिळतो. अशा काळात तरुण मुले चाळीस वर्षांपूर्वीच्या या तुटपुंज्या सुरांकडे वळतात, ते केवळ जुन्याच्या ओढीने असेल असे मला वाटत नाही. कोणीतरी विचार करून हात आवरला आहे, हे कानाला कळते.

त्या रात्री तिला ‘हॅलोवीन’ची धून तेवढी ऐकवली. चित्रपट थोडी मोठी झाल्यावर. ती काही बोलली नाही. झोपताना मात्र म्हणाली, “आजोबा, दार उघडंच राहू द्या.”